पायगोंडानं काय काय सोडलं

निपाणी
ता. ९ जून १९३८

पायगोंडा,

आशीर्वाद पत्राच्या शेवटी देईन. तोवर द्यावासा वाटला तर.

काल शाळा सुटल्यावर हेडबाईंच्या घरी मुंबईचा पेपर बघितला. इंटरच्या निकालात तुझा नंबर नव्हता. वरून खाली वाचलं, खालून वर वाचलं, चष्मा पुसून परत वाचलं. धावतपळत घरी आले तर तू नाहीस आणि तुझी ट्रंकही नाही. आई म्हणाली, "सकाळच्या मोटारीनं गेला की बेळगावला. कालिजात काम हाय म्हनला."

कसलं काम रे? पेपर बाजारात आदल्या दिवशीच आला होता. म्हणजे तुला ठाऊक होतं. ठाऊक असून संध्याकाळी आमच्या पंगतीला जेवलास, सकाळी आईच्या पाया पडलास, तिनं बांधून दिलेल्या भाकऱ्या काखोटीला मारल्यास आणि पळालास. तोंडातनं अवाक्षर काढलं नाहीस. आप्पा गेल्यापासून तुझ्या शिक्षणाचं मी बघते, त्यासाठी शाळेत पोरींवर ओरडून ओरडून घसा बसवून घेते, आणि तुझा निकाल मला दुसऱ्याच्या घरच्या पेपरातनं कळतो!

आईला मलाच सांगावं लागलं. वाटलं, रडेल. ती म्हणाली, "नापास झाला म्हंजे जीव गेला न्हाय नव्हं? मग?" आणि मिरच्या निवडत बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "पर मला का न्हाय सांगितलं गं त्यानं?" ह्याचं उत्तर तिला तूच द्यायचंस. तुझ्याकडं असेल तर लिही.

कुठल्या विषयात गेलास, का गेलास आणि आता काय करणार, एवढंच लिही. बाकीचा पसारा नको.

आशीर्वाद देते. काय करणार, इलाज नाही.

ब्राह्मीआक्का


बेळगाव
ता. १७ जून १९३८

तीर्थरूप आक्काच्या चरणी पायगोंडाचा साष्टांग नमस्कार,

तुझे पत्र पावले. त्यातील भाषा तीव्र होती, परंतु ती मी शांतपणे सहन केली.

अपयशाने खचणाऱ्यांपैकी मी नव्हे. गेला आठवडा मी आत्मपरीक्षणात घालवला व अपयशाचे मूळ मला सापडले. माझे चित्त चंचल आहे, आणि ते चंचल आहे याचे कारण माझी जिव्हा मोकळी आहे. सबब काल सकाळी बस्तीत जाऊन पार्श्वनाथांच्या मूर्तीसमोर, उपाध्यांच्या साक्षीने मी नेम घेतले. इंटर पास होईपर्यंत तूप व गोड वर्ज्य. उठल्यापासून दिवेलागणीपर्यंत मौन, कॉलेजच्या वेळातसुद्धा. आणि सर्वांत मोठा नेम हा की, पास झाल्याखेरीज मी आपल्या घराचा उंबरा ओलांडणार नाही व आईला तोंड दाखवणार नाही.

नेम घेतल्याबरोबर मनाला विलक्षण बळ आले. बोर्डिंगातील मुले माझ्याकडे आदराने पाहू लागली आहेत. एकाने तर आपण होऊन खिडकीजवळची जागा मला दिली.

लॉजिक व इंग्रजी या दोन विषयांत गेलो. परंतु ते गौण आहे.

हे पत्र आईला योग्य प्रस्तावनेसह वाचून दाखव.

तुझा आज्ञाधारक,
पायगोंडा


निपाणी
ता. २३ जून १९३८

आज्ञाधारक पायगोंडा,

प्रस्तावना केली. "आई, तुझ्या लेकाचं डोकं फिरलंय," एवढीच. मग पत्र वाचलं.

विषय गौण म्हणतोस? बाबा रे, हे तुझं पत्र त्या लॉजिकच्या परीक्षकाच्या हातात पडलं असतं, तर त्यानं पेपर न तपासताच तुला नापास केलं असतं. तुपामुळं नापास झालास का तू? लाडवानं तुझा प्रश्न चुकवला का? आपल्या घरात मुळात तूप असतं किती, तर सणावाराला चमचाभर. ते सोडून तू डोंगर हलवणार!

आणि वर्गात मौन! माझ्या वर्गात जी पोरगी गप्प बसते ना, तिचीच मला धास्ती वाटते. बडबडीला काय येत नाही ते एका मिनिटात समजतं. गप्प बसणारी मान हलवत राहते आणि परीक्षेला कोरी पाटी देते. तू इतकी वर्षं घरी माझ्या हाताखाली शिकलास, एवढंही तुला कळू नये?

नेम मोड असं मी सांगणार नाही. देवापुढं घेतलेला नेम आपल्यात कुणी मोडत नाही, हे तुला पक्कं ठाऊक आहे. म्हणूनच आधी नेम घेतलास आणि मागनं पत्र लिहिलंस. मला विचारलं असतंस तर मी काय म्हणाले असते, तेही तुला ठाऊक होतं. शहाणा आहेस!

आईनं सगळं ऐकून घेतलं. उंबऱ्याचं वाक्य मला दोनदा वाचायला लावलं. मग पदर डोक्यावर घेतला आणि बस्तीत जाऊन आली. देवाकडं काय मागितलंस म्हणून विचारलं, तर म्हणाली, "मागाय न्हाय गेलते मी."

आता तरी सरळ लिही. लॉजिकात तुला नक्की काय कळत नाही?

आक्का


बेळगाव
ता. १२ सप्टेंबर १९३८

तीर्थरूप आक्का,

पर्युषण येथेच यथासांग पार पाडले. उत्तम क्षमा! वर्षभरात माझ्याकडून काही चुकले असल्यास क्षमा असावी. मीही तुझ्या पत्रांतील शब्दांबद्दल तुला क्षमा केली आहे.

पर्वाचे निमित्त साधून आता मीठही सोडले. बोर्डिंगचा आचारी याबद्दल कुरकुर करतो. "तुझ्यापायी वेगळं पातेलं किती दिवस लावू?" असे तो सर्वांसमक्ष म्हणाला. मौन असल्यामुळे मी उत्तर दिले नाही. पुस्तक सतत डोळ्यांसमोर असते. अधूनमधून घेरी येते, परंतु ते मनोबलाची परीक्षा म्हणून मी स्वीकारतो.

वर्गात फर्स्ट इयर पास होऊन आलेला रवळू नावाचा एक मुलगा आहे. तो खानापूरकडच्या गुंजीचा. वडगावात मामाकडे राहतो, घरात हातमाग आहेत, त्या खटखटाटात अभ्यास करतो म्हणे. त्याला लाज म्हणून नाही. प्रोफेसर शिकवत असता मध्येच उभा राहतो आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत "सर, नॉट अंडरस्टूड" म्हणतो. सगळा वर्ग हसतो, हाही हसतो, आणि उत्तर घेतल्याशिवाय बसत नाही. अशा मुलांमुळे वर्गाचे गांभीर्य नष्ट होते. मी मात्र शेवटच्या बाकावर निश्चल बसतो.

आई कशी आहे? तिला माझ्या नेमांचा अभिमान वाटत असेलच.

तुझा,
पायगोंडा


निपाणी
ता. ८ ऑक्टोबर १९३८

पायगोंडा,

तू मला क्षमा केलीस हे वाचून धन्य झाले. आता पुढचं ऐक.

तुझी पत्रं वाचली की मला वाटतं, कुणीतरी धरून तुला गदागदा हलवावं. मी काय विचारलं होतं? लॉजिकात काय कळत नाही, एवढंच. त्यावर तू मला मिठाचं सांगतोस, आचाऱ्याचं सांगतोस, घेरीचं कौतुक सांगतोस. उत्तर तेवढं देत नाहीस. आणि त्या रवळूवर चिडतोस? अरे, अख्ख्या वर्गात मला पटलेला तो एकच पोरगा आहे. त्याला जे कळत नाही ते तो विचारतो. तुला जे कळत नाही त्यापायी तू तूप सोडतोस. दोघांपैकी पास कोण होईल, हे सांगायला लॉजिक लागत नाही.

रोज संध्याकाळी आलोचना म्हणतोस ना? दिवसभरात हातून काय चुकलं ते देवापुढं नाव घेऊन बोलायचं, लपवायचं नाही, लहानपणी आप्पांच्या शेजारी बसून तू हेच शिकलास. मग तसंच अभ्यासाचं कर की! आज वर्गात काय कळलं नाही? तेव्हा मी काय केलं? कुणाला विचारलं? विचारलं नसेल तर का नाही विचारलं? देवापुढं बोल आणि मग मला लिही. चंचल चित्त, मोकळी जिव्हा असलं काही नको. अमक्या पानावर अडलो, असं लिही.

दिवाळीला ये. घरी येववत नसेल तर नाक्यापर्यंत तरी ये, आईला मी तिथवर आणते. परवा तिची पोलकी उसवून आवळून शिवली. सगळीच्या सगळी. समजून घे.

आक्का


बेळगाव
ता. १८ ऑक्टोबर १९३८

तीर्थरूप आक्का,

घाईत कार्ड लिहीत आहे. तू शिवणकाम सुरू केल्याचे वाचून आनंद झाला. शाळेच्या कामातून वेळ काढून असा हस्तोद्योग करणे स्तुत्य आहे.

नाक्यावर येणे म्हणजे नेमातून पळवाट काढणे होईल, म्हणून क्षमस्व. आलोचनेविषयी म्हणशील तर ती मी रोज न चुकता, एकही ओळ न गाळता म्हणतो.

पायगोंडा


निपाणी
ता. ३० ऑक्टोबर १९३८

पायगोंडा,

हस्तोद्योग! कपाळ माझं!

तुझं कार्ड वाचून मी एवढी चिडले की वर्गात एका पोरीला विनाकारण उठवून उभं केलं. नंतर तिची समजूत काढावी लागली.

एकही ओळ न गाळता म्हणतोस, आणि त्यात स्वतःची एक तरी ओळ घालतोस का? दुसऱ्यानं लिहून ठेवलेले दोष घडाघडा म्हणायला काय जातंय? त्यात तुझा दोष कुठला? पायगोंडाला काय येत नाही, हे त्यात लिहिलेलं नाही. ते तुलाच बोलावं लागेल.

दिवाळीला आईनं करंज्या केल्या आणि डबा फळीवर ठेवून दिला. शेजारची पोरं मागायला आली तर म्हणाली, "न्हाय रं, त्या पायगोंडाच्या हैत."

आता यापुढं नेमाचा एक शब्द जरी पत्रात दिसला, तर ते पत्र मी चुलीत घालीन.

आक्का


बेळगाव
ता. २८ नोव्हेंबर १९३८

आक्का,

सहामाहीचे मार्क लागले. लॉजिकात मी वर्गात सर्वांत खाली आहे. इंग्रजीत खालून दुसरा. रवळू दोन्हींत पास आहे.

पुस्तकी भाषेत लिहायला बसलो होतो, पण आज तसं लिहिवत नाही गं. तू म्हणतेस तशी आलोचना काल केली. आधी नेहमीचीच म्हटली. मग माझी म्हणायला गेलो तर तोंड उघडेना. शेवटी उघडलं, ते तुला सांगतो.

आक्का, मला वर्गातलं काहीच कळत नाही. आज नाही, कालपासून नाही, पहिल्या दिवसापासून नाही. सर इंग्रजीत बोलत राहतात. एकेक शब्द ओळखीचा वाटतो, पण वाक्य संपलं की हातात काही राहत नाही. फर्स्ट इयर मी नोट्स पाठ करून काढलं. इंटरला ते जमेना. फर्स्ट इयरला एकदा मी उठून प्रश्न विचारला होता. मनात वाक्य जुळवून ठेवलं होतं, पण अर्ध्यावर अडकलं आणि पुढचं सगळं निपाणीच्या बोलीत बाहेर पडलं. वर्ग हसला. सरही हसले. तेव्हापासून मी शेवटच्या बाकावर बसतो.

मौनाचा नेम का घेतला माहीत आहे? विचारायचं राहून जातं, ते नेमामुळं राहिलं असं वाटावं म्हणून. लोकांना वाटावं आणि मलाही वाटावं. गेल्या जूनमध्ये आईला का सांगितलं नाही, त्याचंही कारण तेच. गप्प बसलं की काही झालंच नाही असं वाटतं.

आता माझ्याच्यानं होत नाही. मी जात्याच मठ्ठ आहे, हे एकदा मान्य करू या. बोर्डिंगात आण्णाप्पा म्हणून एक जण आहे, त्याचे काका हुबळीला दुकानात कारकुनाची जागा देतात. पुढच्या आठवड्यात जावं म्हणतो. पास तर होणार नाही, म्हणजे घरी यायचा प्रश्नच नाही. आईला काहीतरी सांग. तुला सुचेल ते.

पायगोंडा


निपाणी
ता. १ डिसेंबर १९३८

पायगोंडा,

हे पत्र चुलीत घालायचं धाडस झालं नाही. इतक्या वर्षांत तू मला लिहिलेलं हे पहिलं खरं पत्र. वाचताना रडले आणि लगेच तुझा रागही आला. एवढं एक वाक्य सांगायला सहा महिने लागले तुला?

हुबळीला जायचं तर जा. पण जायच्या आधी एक ऐकून जा. मी आईला शब्द दिला होता की तुला सांगणार नाही. "लेकराचं ध्यान अभ्यासातनं उडंल," म्हणाली होती. आज तो शब्द मोडते. दोष लागायचा तो मला लागू दे.

जूनमध्ये तुझं पत्र ऐकून आई बस्तीत गेली होती, आठवतं? मागायला नव्हती गेली. तीही नेम घेऊन आली. "माजा पायगोंडा घरात माज्या शेजारी पानावर बसंल तवाच भाकरी खाईन." बस्स. तेव्हापासून तिनं भाकरीला हात लावलेला नाही, भातालाही नाही. दुपारी एकदाच कण्या शिजवून ताकाबरोबर पिते. चतुर्दशीला तेही नाही. आधीच केवढीशी बाई ती. पोलकी मी हौसेनं आवळत नव्हते रे! काल विहिरीवरनं घागर आणताना उंबऱ्यावर बसली ती उठेचना. विचारलं तर म्हणते, "जरा वारं खातीय गं."

बघ आता माझी दशा. एकजण पास झाल्याबिगर घरात येईना, दुसरी तो घरात आल्याबिगर जेवीना. दोघांचे देव राजी, आणि मधल्या मधी मी भरडली जातेय. एका घरात दोन नेम घेणारे असले की तिसऱ्यानं वेडं व्हायचं का?

आणि एक गोष्ट नीट वाच. तिच्या नेमात पास हा शब्दच नाही. मी शंभरदा विचारलं, "आई, पास झाल्यावर म्हणायचं होतं का तुला?" तर म्हणते, "त्येचा हितं काय संबंद?" तुझ्या पास-नापासाशी तिला काही देणंघेणं नाही, पायगोंडा. तिला तू पानावर बसलेला पाहिजेस. नापास झालेला चालतो. मठ्ठ चालतो. न सांगता पळून गेलेलाही चालतो.

मी आपल्या उपाध्यांकडं जाऊन आले. दोघांचेही नेम सांगितले. त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, "नेम घेताना आपल्यापायी दुसऱ्या जिवाला पीडा व्हईल का, हे आधी बघायचं असतं. त्याचा उंबऱ्याचा नेम हिंसेत गेला. त्याला सांगा, घरी येऊन आईला जेवायला घाल, मग माझ्याकडं ये, प्रायश्चित्त देतो." प्रायश्चित्तात जाप आहे आणि एक उपास आहे. उपास तुला जमेलच, सवय आहे.

मौनाचं मी विचारलेलं नाही. ते तुझं तू बघ.

ये. मोटारीला गर्दी असली तर टपावर बसून ये.

आक्का


बेळगाव
ता. १९ डिसेंबर १९३८

आक्का,

सुखरूप पोचलो. करंज्या बोर्डिंगात वाटल्या. खवट झाल्या होत्या, पण कुणी एक उरवली नाही. आचाऱ्यानंही दोन खाल्ल्या आणि म्हणाला, "मीठ कधी खाणार?" मी म्हटलं, "आत्ता वाढ." उपाध्यांनी मौन, मीठ, तूप-गोड सगळेच नेम सोडवले, ते तुझ्या समोरच झालं.

आईनं पहिला घास घेताना माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, तुझ्या लक्षात आलं का? भाकरीकडंच बघत होती. मग एकदम म्हणाली, "बारीक झालास की रं." तिनं मला म्हणावं! मी हातातला घास ताटात ठेवला. तू ओरडलीस, "आता तू जेवायचं थांबलास तर माझ्यासारखी वाईट नाही," म्हणून परत उचलला.

आता अभ्यासाचं. सोमवारी पहिल्या बाकावर बसलो. सरांनी एक विधान फळ्यावर लिहून समजावलं. मला कळलं नाही. उभा राहिलो. इंग्रजी अर्ध्यावर अडकलं. पुढचं निपाणीचंच आलं. वर्ग हसला, रवळू सगळ्यांत मोठ्यानं. सर म्हणाले, "बरोबर जागी अडलास," आणि फळा पुसून परत पहिल्यापासून सांगितलं. तास संपल्यावर त्यांच्याकडं गेलो आणि फर्स्ट इयरच्या त्या दिवसाचं काढलं. आक्का, त्यांना तो दिवस आठवतच नाही. ज्याच्यापायी मी तोंड बंद करून बसलो, ते त्यांच्या गावीही नाही!

संध्याकाळी रवळूबरोबर वडगावला जातो. माग चालूच असतात, कानात सांगावं लागतं. तो म्हणाला, "हे बघ, सगळी म्हसरं चार पायांची. मामाचा माग चार पायांचा. म्हणून मामाचा माग म्हस. पटतंय का तुला?" मी म्हटलं, "नाही." म्हणाला, "का पटत न्हाई ते सांग की मग." ते सांगता सांगता पुस्तकातलं पान माझं मलाच समजलं. सहा महिने तूप सोडून जे समजलं नव्हतं ते.

आजची आलोचना: पान एकशे बारा कळलं नाही. विचारलं नाही, कारण सर घाईत होते. हे कारण खोटं आहे, सर घाईत नव्हते. उद्या विचारतो.

पायगोंडा


निपाणी
ता. ६ मार्च १९३९

चि. पायगोंडास अनेक आशीर्वाद,

आजचा आशीर्वाद आधीच दिला, नोंद घे.

तुझी पत्रं येतात. विचारलं, कळलं, नाही कळलं, परत विचारलं. वाचून मला आता लॉजिक यायला लागलंय. आईनं परवा शेजारणीला सांगितलं, "आमच्या पायगोंडाला कायबी येत न्हाय, रोज लिवतोय बघा." ती बिचारी मला विचारत आली, काय झालं म्हणून!

परीक्षेच्या तोंडावर बस्तीत जाशील. दर्शन घे, नमस्कार कर आणि सरळ बाहेर ये. काहीही सोडू नकोस. तुला सोडायची खाज सुटली तर माझं हे पत्र काढून वाच. तूप खा. इंग्रजीच्या निबंधाला पाल्हाळ लावू नकोस, तुझी पत्रं मी वाचलेली आहेत.

आईनं सांगितलंय की पेपर झाले की ये आणि झोप काढ. तिनं नवा नेम वगैरे घेतलेला नाही. मी दोनदा विचारून खात्री केली. तरी माझा तिच्यावर विश्वास नाही, म्हणून ती बस्तीत निघाली की मी बरोबर जाते.

आक्का


बेळगाव
ता. ५ जून १९३९

आक्का,

निकाल बघायला आलो होतो. पेपर निपाणीत पोचायच्या आत हे तुझ्या हाती पडावं म्हणून मोटारीच्या ड्रायव्हरकडं देतोय. हेडबाईंच्या घरी जाऊ नकोस.

मी नापास झालोय. लॉजिकात पास आहे, चांगल्या मार्कांनी. इंग्रजीत थोडक्यात गेलो. का गेलो ते मला माहीत आहे: तू सांगूनही निबंधाला पाल्हाळ लावलं आणि शेवटचे प्रश्न घाईत उरकले. सरांकडं जाऊन आलो. ते म्हणाले, वाक्यं लहान लिही आणि रोज एक पान दाखवायला आण. सगळेच विषय परत द्यावे लागतील. देईन. रवळू पास झाला. त्यानं मला मिठी मारली आणि म्हणाला, "आता वर्गात सरांना तरास कोण देणार?" मी म्हटलं, "मी हाय की."

रडलो थोडा, खोटं कशाला सांगू. आता बरा आहे.

उद्या सकाळच्या मोटारीनं घरी येतोय. आईला हे मी स्वतः सांगणार आहे, तू आधी बोलू नकोस. तिला एवढंच सांग की पायगोंडा येतोय, माझ्या वाटणीच्या भाकऱ्या जास्त टाक. वाटेत काही खाणार नाही. नेम नाही गं, भूक ठेवून येतोय.

पायगोंडा